तुमच्या गावातलं वाचनालय ऑनलाइन कसं येतं? कॅटलॉग, युनिकोड, स्कॅनिंग आणि कॉपीराइट, सगळं सोप्या भाषेत



एक प्रयोग करून बघा. तुम्हाला हवं असलेलं एखादं जुनं मराठी पुस्तक मोबाइलवर शोधा. पहिल्या पानावर विक्रीची दुकानं दिसतील, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी 'उपलब्ध नाही' असं लिहिलेलं असेल. खाली एखादी संशयास्पद पीडीएफची लिंक आणि दोन व्हिडिओ. तेच पुस्तक तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर, सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटात वर्षानुवर्षं उभं असण्याची शक्यता बरीच आहे. पण इंटरनेटच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नाही.

महाराष्ट्रात ही गोष्ट जास्त खटकते, कारण आपल्याकडे वाचनालयांची कमी नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, मुंबईचं १८९८ सालचं. १९६७ साली राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्यातून अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली, सरकारी अनुदान घेणारी पण गावातल्याच माणसांनी चालवलेली हजारो वाचनालयं उभी राहिली. त्यातल्या कितींच्या पुस्तकांची यादी तुम्ही घरबसल्या बघू शकता?

वाचनालय 'डिजिटल' करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुठे अडतं आणि कमी पैशात ते कसं जमतं, हे या लेखात बघूया. वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असाल तर उपयोग होईलच, पण साधे सभासद असाल तरी शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्यासाठीही काम आहे.

आधी एक गैरसमज दूर करू

'वाचनालय डिजिटल केलं' या एकाच वाक्यात लोक तीन वेगवेगळी कामं कोंबतात.

१. संगणकीकरण: पुस्तकांची यादी, सभासद आणि देवघेव संगणकावर आणणं. पुस्तक कागदीच राहतं, त्याची नोंद डिजिटल होते.

२. डिजिटायझेशन: पुस्तकाची पानं स्कॅन करून त्याची डिजिटल प्रत बनवणं.

३. डिजिटल सेवा: ई-पुस्तकं, ऑनलाइन मुदतवाढ, व्हॉट्सॲपवर सूचना, वाचकाला इंटरनेट वापरायला मदत.

बऱ्याच ठिकाणी उत्साहाच्या भरात थेट दुसऱ्या कामाला हात घातला जातो. स्कॅनर येतो, चाळीस-पन्नास पुस्तकं स्कॅन होतात, फोटो निघतात आणि काम थांबतं. खरं तर सगळ्यात जास्त फायदा पहिल्या कामाचा आहे, आणि खर्चही त्यालाच सगळ्यात कमी लागतो. कपाटात काय आहे हेच माहीत नसेल तर स्कॅन काय करायचं हे ठरवणार कसं?

गूगलला तुमचं कपाट का दिसत नाही?

सर्च इंजिन वेबपानं वाचतं. ज्याचं वेबपान नाही ते त्याला सापडत नाही, इतकं साधं आहे. वाचनालयाची यादी जाडजूड दाखलनोंद वहीत किंवा ऑफिसातल्या एका संगणकातल्या एक्सेल फाइलमध्ये असेल, तर बाहेरच्या जगाला ती दिसायचा प्रश्नच येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे ओपॅक. वाचनालयाचा हा असा कॅटलॉग, जो कोणीही वेबवर उघडून शोधू शकतो. त्यात पुस्तक आहे का, किती प्रती आहेत, आत्ता कपाटात आहे की कोणी नेलंय, हे सगळं दिसतं. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. ओपॅक नेमकं तेच काम करतो. पुस्तक नाही हे कळण्यासाठी वाचकाला एसटीने तालुक्याला यावं लागत नाही.

पुस्तकाची नोंद म्हणजे काय?

एका पुस्तकाची संगणकीय नोंद म्हणजे ठरलेल्या रकान्यांचा फॉर्म. जगभर यासाठी मार्क नावाचा साचा वापरतात. तो १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हराम यांच्या पुढाकाराने तयार झाला. त्यात प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो. १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ०२० म्हणजे आयएसबीएन, ०८२ म्हणजे ड्यूई वर्गांक. मराठी साहित्याचा ड्यूई वर्गांक ८९१.४६. त्यापुढे १ लावला की कविता, २ म्हणजे नाटक, ३ म्हणजे कथा-कादंबरी.

'एवढं कशाला? एक्सेलमध्ये नाव आणि लेखक लिहिलं की झालं,' असं वाटू शकतं. सुरुवात म्हणून तेही चालेल. पण ठरलेल्या साच्याचा फायदा पुढे कळतो. उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी नोंदी जशाच्या तशा उचलून नेता येतात. दहा वाचनालयांना एकत्र कॅटलॉग करायचा असेल तर सगळ्यांचे रकाने जुळतात.

सॉफ्टवेअरचे मुख्य पर्याय असे:

- कोहा: मोफत आणि मुक्त स्रोत. याची गोष्ट छान आहे. १९९९ साली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या वाचनालयाचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडल्यावर चालणार नाही अशी वेळ आली. त्यांनी नवीन बनवून घेतलं आणि ते सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. आज जगभरातली हजारो वाचनालयं ते वापरतात. ते लिनक्सवर चालतं, त्यामुळे बसवताना जाणकार माणूस लागतो.

- ई-ग्रंथालय: केंद्र सरकारच्या एनआयसीने बनवलेलं, मुख्यतः सरकारी ग्रंथालयांसाठी.

- सोल: गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं. महाविद्यालयं आणि विद्यापीठांत जास्त दिसतं.

- खासगी सॉफ्टवेअर: स्थानिक कंपन्यांची. वापरायला सोपी असतात, मदतीला माणूस येतो. पण घेताना एकच प्रश्न आधी विचारा: 'उद्या आम्ही तुम्हाला सोडलं तर आमच्या नोंदी मार्क किंवा सीएसव्ही फाइलमध्ये परत मिळतील का?' उत्तर लेखी घ्या. का, ते पुढे सांगतो.

नवीन पुस्तकांचं काम आयएसबीएनमुळे सोपं होतं. हा आकडा २००७ पासून १३ अंकी आहे. बारकोड स्कॅनरने तो वाचला की सॉफ्टवेअर दुसऱ्या मोठ्या ग्रंथालयाची तयार नोंद ओढून आणू शकतं. पण मराठीत दोन अडचणी येतात. जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच. आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी पुस्तकांच्या नोंदी असल्या तरी त्या बऱ्याचदा रोमन लिपीत लिप्यंतर केलेल्या असतात. मराठीत शोधणाऱ्या आपल्या वाचकाला त्यांचा उपयोग नाही. म्हणजे देवनागरीतल्या नोंदी आपल्यालाच टाइप कराव्या लागणार.

फॉन्टची गोची: नऊ हजार नोंदी कशा बुडाल्या

आता तो प्रसंग. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात काही वर्षांपूर्वी हौसेने संगणकीकरण सुरू झालं. आम्ही चार-पाच जण सुट्टीच्या दिवशी जाऊन नोंदी टाइप करायचो. ग्रंथपाल काका दाखलनोंद वही समोर धरून वाचायचे, आम्ही टायपायचो. दीड-दोन वर्षांत नऊ हजारांच्या आसपास पुस्तकं झाली. सॉफ्टवेअर एका छोट्या कंपनीचं होतं आणि मराठीसाठी जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट वापरत होतं. पुढे कंपनी बंद पडली, संगणक खराब झाला. हार्ड डिस्कमधून फाइल मिळाली खरी, पण नव्या संगणकावर उघडल्यावर पडद्यावर दिसली ती रोमन अक्षरांची खिचडी. त्या फॉन्टची फाइल कोणाकडेच नव्हती. काका काही बोलले नाहीत, फक्त वही उचलून परत कपाटात ठेवली.

असं का होतं ते समजून घेऊ. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर 'साठवलं' जात नाही, फक्त 'दाखवलं' जातं. उदाहरणार्थ, कृतिदेव फॉन्टमध्ये तुम्ही 'हिंदी' टाइप केलं तर संगणक प्रत्यक्षात एफ, जी, ए, एन, एच ही पाच रोमन अक्षरं साठवतो. फॉन्ट त्यांच्या जागी आपल्या अक्षरांची चित्रं दाखवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो. दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये अक्षरांची जुळणी वेगळी असल्याने तोही उपयोगाचा नाही.

युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथे जगातल्या प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो. 'क' म्हणजे ०९१५, 'ळ' म्हणजे ०९३३. फॉन्ट कुठलाही असो, मोबाइल असो वा संगणक, आत साठवलेला क्रमांक तोच. म्हणून पहिला नियम पक्का लक्षात ठेवा: नोंदी युनिकोडमध्येच टाइप करा. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वापरा, फोनेटिक वापरा किंवा बोलून लिहा, काहीही चालेल.

जुन्या फॉन्टमधल्या फाइल तुमच्याकडे असतील आणि कुठला फॉन्ट होता हे माहीत असेल तर घाबरू नका. प्रचलित फॉन्टसाठी युनिकोड परिवर्तक मिळतात. जोडाक्षरं आणि रफार तपासून घ्यावे लागतात, पण पुन्हा टाइप करण्यापेक्षा ते परवडतं.

युनिकोड झालं तरी शोध का फसतो?

इथे मराठीची खास गंमत आहे. पडद्यावर अगदी सारखे दिसणारे दोन शब्द आत वेगळे असू शकतात.

- 'ॲ' हे अक्षर एका क्रमांकाने (०९७२) लिहिता येतं किंवा 'अ' वर अर्धचंद्र देऊन दोन क्रमांकांनी. एकाने 'ॲटम' असं साठवलं, दुसऱ्याने 'अॅटम' असं. दिसायला एकच, पण संगणकाला हे दोन वेगळे शब्द वाटतात.

- 'दऱ्या' मधला तो अर्धा 'र' सुद्धा दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. तेही दिसायला सारखंच.

- त्यात भर म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वाराचे जुने नियम. जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आज आपण देत नाही तो अनुस्वार असतो. वाचक आजच्या पद्धतीने शोधतो, पुस्तक सापडत नाही.

यावर उपाय काय? टाइप करणाऱ्या सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा आणि एक पानाची नियमावली भिंतीवर लावायची. जुनं शीर्षक जसं छापलंय तसं लिहायचं, पण आजच्या लेखनातलं रूप 'पर्यायी शीर्षक' म्हणून जोडायचं. कोहा बसवत असाल तर शोधाच्या सेटिंगमध्ये आयसीयू हा पर्याय निवडायला सांगा. तो नसेल तर देवनागरीतला शोध नीट चालत नाही.

एका लेखकाची चार नावं

समजा एकाने टाइप केलं 'पु. ल. देशपांडे', दुसऱ्याने 'पु.ल.', तिसऱ्याने 'देशपांडे पु. ल.' आणि चौथ्याने 'पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे'. तुमच्याकडे पुलंची तीस पुस्तकं आहेत, पण एका शोधात सातच दिसतात. वाचक म्हणतो, 'यांच्याकडे काहीच नाही.'

मराठीत टोपणनावांमुळे हे आणखी वाढतं. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, कवितेला एक नाव आणि नाटकाला दुसरं.

ग्रंथालयशास्त्रात यासाठी 'प्रमाण नावांची यादी' ठेवतात. प्रत्येक लेखकाचं एक मुख्य रूप ठरवायचं आणि बाकीची नावं त्याला जोडायची. मग वाचकाने कुठल्याही नावाने शोधलं तरी तो एकाच ठिकाणी पोहोचतो. हे काम आपोआप होत नाही. त्यासाठी 'हा आणि तो एकच' हे माहीत असणारा माणूस लागतो. म्हणजे अनुभवी ग्रंथपाल. टायपिंग कोणीही करेल, हे ज्ञान मात्र त्यांच्याकडेच आहे. ते निवृत्त होण्याआधी ते यादीत उतरायला हवं.

स्कॅनिंग: काय करायचं आणि काय नाही

साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कागद लाकडाच्या लगद्यापासून बनू लागला. त्यातल्या आम्लामुळे तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि शेवटी घडीवर मोडतो. जुनी मासिकं, दिवाळी अंक, स्थानिक नियतकालिकं, स्मरणिका यांची हीच गत आहे. म्हणून स्कॅनिंग गरजेचं आहे, पण सगळ्याचं नाही. जे पुस्तक बाजारात मिळतं ते स्कॅन करण्यात अर्थ नाही. जे फक्त तुमच्याकडे आहे त्याला पहिला मान: गावातली हस्तलिखितं, बंद पडलेली साप्ताहिकं, शाळेच्या शताब्दीची स्मरणिका.

थोडं गणित करू. साडेपाच बाय साडेआठ इंचाचं पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं की १६५० गुणिले २५५०, म्हणजे सुमारे ४२ लाख बिंदू होतात. प्रत्येक बिंदूला तीन बाइट धरले तर एक पान साडेबारा एमबीचं. दोनशे पानांचं पुस्तक अडीच जीबीचं. ही झाली न दाबलेली मूळ प्रत, बहुधा टिफ स्वरूपात. ती जपून ठेवायची. वाचकांना द्यायची पीडीएफ त्यापासून लहान करून बनवायची. लोक नेमकं उलटं करतात: फक्त लहान पीडीएफ ठेवतात आणि मूळ प्रत पुसून टाकतात. दहा वर्षांनी ती पीडीएफ पुसट वाटते, आणि तोवर कागदही गेलेला असतो.

स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, त्यात शब्द शोधता येत नाहीत. त्यासाठी ओसीआर लागतं. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी वाचतं. पण जुन्या खिळ्यांच्या छपाईत ते 'ध' आणि 'घ' मध्ये गोंधळतं, 'भ' चा 'म' करतं, 'ख' चा 'रव' करतं. म्हणून माणसाने मुद्रितशोधन करावंच लागतं. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक हेच काम करतात. डावीकडे-उजवीकडे पान आणि मजकूर ठेवून एकेक ओळ तपासतात.

आणि बॅकअप! सोपा नियम आहे ३-२-१ चा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. पूर आला तर ऑफिसातला संगणक आणि त्याच्याच शेजारच्या कपाटातली हार्ड डिस्क दोन्ही एकदमच भिजतात.

कॉपीराइट: 'आमच्याकडे पुस्तक आहे, मग टाकू की ऑनलाइन!'

थांबा. पुस्तक विकत घेतलं म्हणजे ते प्रसिद्ध करायचा हक्क मिळत नाही. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, आणि ती वर्षं निधनाच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. काही उदाहरणं:

- ह. ना. आपटे आणि राम गणेश गडकरी, निधन १९१९: केव्हाच खुले.
- साने गुरुजी, निधन १९५०: १ जानेवारी २०११ पासून खुले.
- आचार्य अत्रे, निधन १९६९: १ जानेवारी २०३० पासून खुले होतील.
- पु. ल. देशपांडे, निधन २०००: १ जानेवारी २०६१ पासून.

लक्षात ठेवा, मूळ पुस्तक खुलं झालं तरी त्याच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा किंवा दुसऱ्या कोणी केलेलं भाषांतर यांचा कॉपीराइट वेगळा असतो. म्हणून शक्यतो जुनी आवृत्ती स्कॅन करा.

मग कॉपीराइट असलेलं पण मोडकळीला आलेलं पुस्तक मरू द्यायचं का? नाही. कायद्याच्या ५२ व्या कलमात वाचनालयांसाठी सवलती आहेत. ना-नफा सार्वजनिक वाचनालयाकडे कागदी प्रत असेल तर जतनासाठी ते तिची इलेक्ट्रॉनिक प्रत साठवू शकतं. पुस्तक भारतात विक्रीला मिळतच नसेल तर वाचनालयाच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती करता येतात. थोडक्यात, जपून ठेवायला परवानगी आहे, वेबसाइटवर सगळ्यांना वाटायला नाही.

दृष्टिहीन वाचकांसाठी कायदा आणखी उदार आहे. त्यांना वापरता येईल अशा स्वरूपात, म्हणजे ब्रेल, ऑडिओ किंवा वाचक-सॉफ्टवेअरला चालणारी फाइल, पुस्तक तयार करता येतं. 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय त्यांच्यासाठीच आहे. तुमच्या वाचनालयाने हे एक काम केलं तरी कोणाचं तरी आयुष्य बदलेल.

ई-पुस्तकांची देवघेव का अवघड आहे?

कागदी पुस्तक वाचनालयाच्या मालकीचं असतं. शंभर जणांनी वाचा, फाटेपर्यंत वाचा. ई-पुस्तकाचा मात्र परवाना मिळतो. अमेरिका-युरोपात वाचनालयं लिबीसारख्या ॲपवरून ई-पुस्तकं देतात, पण तिथेही साधारणपणे एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. बाकीचे रांगेत. फाइलच्या कितीही प्रती निघू शकतात, तरी रांग आहे, कारण करार तसा आहे. २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशनाने तर एक ई-पुस्तक २६ वेळा दिलं की परवाना संपेल, पुन्हा विकत घ्या, असा नियम आणला. त्यावर तिथल्या ग्रंथपालांनी मोठा निषेध केला होता.

मराठीत वाचनालयांमार्फत अशी देवघेव अजून अंगवळणी पडलेली नाही. पण कायदेशीर आणि मोफत साहित्य बरंच आहे, आणि ते वाचकापर्यंत पोहोचवणं हे वाचनालयाचं काम होऊ शकतं:

- मराठी विश्वकोशाचे खंड, वेबवर खुले.
- महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशनं, पीडीएफ स्वरूपात.
- आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय. यात शालेय ते संशोधनापर्यंतच्या साहित्याचा एकत्र शोध घेता येतो.
- एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईचं 'ग्रंथ संजीवनी', दुर्मीळ जुन्या ग्रंथांसाठी.
- मराठी विकिस्रोत.

दहावीच्या मुलाला ही नावं कोणी सांगितलेली नसतात. वाचनालयाच्या फलकावर एक क्यूआर कोड लावा, त्यामागे या लिंकची यादी ठेवा. खर्च एका कागदाचा.

माणसं अजून येतात, पण कामं बदललीत

'आता कोण वाचनालयात येतं?' असं म्हणणाऱ्यांनी सकाळी सात वाजता एखाद्या अभ्यासिकेत डोकावून बघावं. स्पर्धा परीक्षेची मुलं जागा धरून बसलेली असतात. त्यांना शांत जागा, वीज, वायफाय आणि वर्तमानपत्रं हवी असतात. दुपारी कोणी ऑनलाइन अर्ज भरायला मदत मागतं, कोणी व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज दाखवून विचारतं, 'हे खरं आहे का हो?' हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. बातमी कोणी दिली, तारीख कधीची, फोटो दुसरीकडचा तर नाही, हे तपासायला शिकवणारी जागा गावात दुसरी कुठली आहे?

यात एक काळजी घ्या. काही ठिकाणी थकबाकीदारांची यादी, फोन नंबरसकट, ग्रुपवर टाकली जाते. हे बंद करा. कोण काय वाचतं, कोणाकडे काय थकलंय, ही त्या माणसाची खासगी माहिती आहे. २०२३ साली देशात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. आठवण द्यायची तर ती वैयक्तिक मेसेजवर द्या.

कमी पैशात सुरुवात: सहा पायऱ्या

१. दाखलनोंद वहीच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने स्वच्छ फोटो काढा आणि दोन ठिकाणी साठवा. हे एका रविवारी होतं.

२. लेखननियमांचं एक पान तयार करा: कीबोर्ड कुठला, लेखकाचं नाव कसं, तारीख कशी.

३. नोंदी युनिकोडमध्ये सुरू करा. सॉफ्टवेअर ठरलं नसेल तर स्प्रेडशीट चालेल, पण रकाने वेगवेगळे ठेवा. शीर्षक आणि लेखक एकाच चौकटीत कोंबू नका.

४. जास्त मागणी असलेल्या पुस्तकांपासून सुरुवात करा. समजा चौदा हजार पुस्तकं आहेत आणि दोघं जण मिळून रोज १२० नोंदी करतात, तर ११७ दिवस, म्हणजे साधारण चार महिने लागतील. डोंगर वाटतो तेवढा मोठा नाही.

५. बारकोड लावा. यूएसबीचा साधा स्कॅनर संगणकाला कीबोर्डसारखाच वाटतो, वेगळं काही बसवावं लागत नाही.

६. यादी वेबवर खुली करा, आणि दर महिन्याला सगळ्या नोंदींची सीएसव्ही प्रत काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*सगळं ऑनलाइन झालं तर वाचनालयात कोण येईल?*
कॅटलॉग ऑनलाइन आला की उलट पुस्तकं बाहेर निघतात, कारण ती आहेत हे लोकांना पहिल्यांदाच कळतं.

*पुस्तकं स्कॅन झाली की कागदी प्रती रद्दीत द्यायच्या का?*
अजिबात नाही. स्कॅन ही जास्तीची प्रत आहे, बदली नव्हे. एखादं पान सुटलं असेल तर परत जायला मूळ पुस्तकच लागतं.

*एआयने नोंदी बनवल्या तर?*
मुखपृष्ठाच्या फोटोवरून शीर्षक आणि लेखक उतरवायला मदत होते. पण अशी साधनं न दिसलेला प्रकाशक किंवा वर्ष बेधडक ठोकून देतात. त्यामुळे प्रत्येक नोंद पुस्तक हातात घेऊन तपासायलाच हवी.

शेवटी, तुमचं काम

आमच्या वाचनालयाची गोष्ट अर्धवट राहिली. बुडालेल्या नऊ हजार नोंदी परत मिळाल्या नाहीत. पण काकांनी कपाटात ठेवलेली ती वही शाबूत होती. गेल्या वर्षी तिच्यावरूनच पुन्हा सुरुवात झाली आहे, या वेळी युनिकोडमध्ये, आणि पहिल्याच दिवशी वहीचे फोटो काढून. आत्तापर्यंत पाच हजारांच्या पुढे गेलो. काका आता निवृत्त आहेत, तरी शनिवारी येऊन बसतात आणि कुठलं टोपणनाव कोणाचं ते सांगतात.

तुमच्या वाचनालयात या आठवड्यात जा आणि चार प्रश्न विचारा. पुस्तकांची यादी संगणकावर आहे का? ती युनिकोडमध्ये आहे का? तिची प्रत दुसरीकडे ठेवली आहे का? आणि टायपिंगला माणूस हवाय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक 'हो' असंच येईल. आठवड्याचा एक तास दिलात तरी वर्षाला हजारभर पुस्तकं जगाला दिसू लागतील.

लेख उपयोगी वाटला तर तुमच्या वाचनालयाच्या कार्यवाहांना नक्की पाठवा. भेटूया पुढच्या लेखात.